बोहेमियन ऱ्हॅप्सडी

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे गाणे. ईएमआय कंपनीने ते ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी सिंगल म्हणून, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकडीवर, बाजारात आणले. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या अल्बममध्येही ते आले. गीत आणि चाल गायक फ्रेडी मर्क्युरीची, निर्माता रॉय थॉमस बेकर.

मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला पारशी मुलगा फारुख बुलसारा. त्याचे बहुतेक शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. तिथेच तो पियानो शिकला आणि वर्गमित्रांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये वाजवू लागला. या गाण्याचा सगळा डोलारा पियानोवर उभा आहे, तेव्हा त्याची पाळेमुळे शोधताना पाचगणीला वगळून चालणार नाही. गाण्याचा अर्थ मात्र मर्क्युरीने कधीच उलगडून सांगितला नाही. त्याचा हस्तलिखित कच्चा खर्डा २०२३ साली लंडनमध्ये लिलावात निघाला. एका विमान कंपनीच्या कागदावर आधी ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे लिहून पहिला शब्द खोडलेला त्यात दिसतो.

गाण्याची रचना त्या काळच्या बाजाराला न मानवणारी होती. पुन्हा पुन्हा येणारे ध्रुवपद नाही. सुरुवातीला वाद्यांविना समूहस्वर, मग पियानोवरचे संथ गीत, गिटारचा तुकडा, ऑपेराच्या, म्हणजे युरोपीय संगीतनाटकाच्या, ढंगाचा मधला भाग, त्यातून उसळणारे दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झाले. ऑपेराच्या भागात शेकडो आवाज ऐकू येतात, पण गाणारे तिघेच आहेत: मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे आणि वरच्या पट्टीतला ड्रमवादक रॉजर टेलर. चोवीस ट्रॅकच्या, म्हणजे आवाज वेगवेगळे साठवणारे चोवीस पट्टे असलेल्या, टेपवर आवाजांचे थर एकावर एक चढवत, भरलेले ट्रॅक एकत्र करून पुन्हा जागा मोकळी केली जाई. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडासमोर धरली तर आरपार दिसू लागले. या तीन गळ्यांची मेहनत हेच गाण्याचे खरे वैभव आहे.

लांबी जवळपास सहा मिनिटे. तीन-साडेतीन मिनिटांची गाणी वाजवणारा रेडिओ हे वाजवणार नाही, अशी कंपनीला भीती होती. ती मोडून काढली लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचा निवेदक केनी एव्हरेटने. मिळालेली प्रत त्याने शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत चौदा वेळा वाजवली. सोमवारी लोक दुकानांत मागणी घेऊन गेले, तर तबकडी अजून यायचीच होती.

ब्रिटनच्या चार्टवर, म्हणजे खपानुसार गाण्यांच्या क्रमवारीत, गाणे नोव्हेंबरअखेरीस पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि सलग नऊ आठवडे तिथे राहिले. ब्रूस गॉवर्सने एल्स्ट्री स्टुडिओत काही तासांत चित्रित केलेला व्हिडिओ बीबीसी दूरचित्रवाणीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या संगीत कार्यक्रमात दाखवला गेला, त्याचाही यात मोठा वाटा होता. बँड दौऱ्यावर असतानाही पडद्यावर दिसत राहिला. जानेवारी १९७६ मध्ये ‘ॲबा’ या स्वीडिश बँडच्या ‘मामा मिया’ने त्याला खाली खेचले, हे दोन शब्द ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या ऑपेराच्या भागातही आहेत. अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तेव्हा ते नवव्या क्रमांकापर्यंतच गेले. तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचे ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ होते. खपलेल्या प्रत्येक तबकडीमागे दोन्ही बाजूंच्या गीतकारांना मानधन मिळे, त्यामुळे टेलरलाही भरपूर पैसे मिळाले आणि बँडमध्ये कुरबुर झाली.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरीचे एड्समुळे निधन झाले. डिसेंबरमध्ये ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ज’च्या जोडीने गाणे पुन्हा निघाले, त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिले गेले, आणि पाच आठवडे ते पहिले राहिले. एकच ध्वनिमुद्रण दोनदा नाताळच्या वेळी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते आणि १९७५, ७६, ९१, ९२ अशा चार वर्षांत अग्रस्थानी राहिले.

अमेरिकेतील पुनरागमन सिनेमामुळे झाले. १९९२ मधील ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटात मित्रांची टोळी गाडीत हे गाणे लावून माना झटकते. त्या एका प्रसंगाने गाणे दुसऱ्या क्रमांकावर गेले, म्हणजे १९७६ पेक्षाही वर. २०१८ मध्ये याच नावाचा मर्क्युरीचा चरित्रपट आला, तेव्हा ते तिसऱ्यांदा हॉट १०० मध्ये शिरले आणि ३३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. एव्हाना यादीत तबकड्यांच्या खपाबरोबर स्ट्रीमिंगही मोजले जात होते. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला डायमंड प्रमाणपत्र मिळाले. खप आणि स्ट्रीमिंग मिळून एक कोटी प्रतींचा हा टप्पा एका गाण्याने गाठणारा क्वीन हा पहिला ब्रिटिश बँड.