मंगळावरील प्राचीन नद्यांचे पुरावे

मंगळावर आज नदी वाहू शकत नाही. तिथला हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असल्याने उघड्यावरचे पाणी गोठून जाते किंवा त्याची वाफ होते. तरीही सुमारे साडेतीन ते पावणेचार अब्ज वर्षांपूर्वी या ग्रहावर नद्या होत्या, हे आता खडकांच्या आधारे ठामपणे सांगता येते.

पहिली चाहूल ‘मरिनर ९’ या यानाने दिली. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये ते मंगळाभोवती फिरू लागले तेव्हा सारा ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. धूळ खाली बसल्यावर छायाचित्रांत उपनद्यांसह पसरलेली खोरी दिसली. एकोणिसाव्या शतकात दुर्बिणीतून पाहिलेल्या ‘कालव्यां’शी त्यांचा काही संबंध नाही, ते कालवे निव्वळ दृष्टिभ्रम होते. मोठ्या दऱ्यांना निरनिराळ्या भाषांतली मंगळाचीच नावे दिली आहेत : हिब्रूतले माआदिम, जपानीतले कासेई, आणि संस्कृतातले मंगल. यांपैकी माआदिम सुमारे ७०० किमी. लांब आहे.

पण दरी दिसली म्हणजे नदी सिद्ध झाली असे नाही. लाव्हाही वाट कोरतो, भूजल झिरपूनही कडे ढासळतात. त्यामुळे खरा निर्णायक पुरावा लहानशा गोट्यांनी दिला, असे म्हणावे लागते. ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ या गाडीला काही आठवड्यांतच पिंडाश्माचे, म्हणजे गोटे आणि वाळू सांधून बनलेल्या खडकाचे, उघडे थर सापडले. वाळूत घट्ट बसलेले हे गोटे गुळगुळीत, गोलसर होते आणि काही सुपारीएवढे. एवढे दगड उचलून नेणे मंगळाच्या विरळ वाऱ्याला शक्य नाही. कोनेदार दगडाच्या कडा अशा झिजायच्या तर तो पाण्याच्या तळाशी दूरवर घरंगळत जायला हवा. नदीच्या पात्रातला गोटा हातात घेतलेल्या कोणालाही ही खूण ओळखता येईल. गोट्यांच्या आकारावरून पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असावे आणि त्याचा वेग सेकंदाला साधारण एक मीटरपर्यंत असावा, असा अंदाज निघाला.

काही ठिकाणी जुनी पात्रे खोलगट नाहीत, उलट कण्यासारखी वर आलेली आहेत. पात्रातली खडी-वाळू खनिजांनी सांधली जाऊन कठीण झाली, भोवतालची मऊ माती वाऱ्याने उडून गेली आणि पात्र तेवढे उंच उरले. अरेबिया टेरा या प्रदेशात अशा उलट्या पात्रांची एकूण लांबी १७,००० किमी. हून अधिक असल्याचे २०१६ मध्ये दाखवण्यात आले. एबर्सवाल्डे विवरातील त्रिभुज प्रदेशात तर पात्राची नागमोडी वळणेही टिकून आहेत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘पर्सिव्हिअरन्स’ ही गाडी जेझेरो या सुमारे ४५ किमी. व्यासाच्या विवरात उतरली, तीही तिथला त्रिभुज प्रदेश पाहूनच. जेझेरो हे बोस्नियातील एका गावाचे नाव असून तिकडच्या भाषांत त्याचा अर्थ तळे असा आहे. तिथल्या कोडियाक नावाच्या टेकडीच्या कड्यात खाली आडवे, मध्ये तिरपे आणि वर पुन्हा आडवे थर दिसतात. नदी साचलेल्या पाण्यात गाळ टाकते तेव्हा अशीच मांडणी होते. जवळच्या मुख्य कड्यात, गाळाच्या वरच्या भागात, दीड मीटरपर्यंतचे धोंडे आहेत. संथ प्रवाहाला ते हलणारे नाहीत. म्हणजे नंतरच्या काळात इथे मोठे पूर आले.

हे पाणी द्रवरूप कसे राहिले, यावर मात्र मतभेद आहेत. त्या काळी सूर्याचे तेज आजच्या सुमारे तीन-चतुर्थांश होते. दाट वातावरणामुळे हवामान दीर्घकाळ उबदार राहिले, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ग्रह थंडच होता. ज्वालामुखी किंवा उल्काघातांमुळे मधूनमधून बर्फ वितळे आणि नद्या तेवढ्यापुरत्या वाहत.