डीमन प्रोग्राममधील प्रोसेसर-भाराचा शोध

डीमन म्हणजे पडद्याआड चालणारा, वापरकर्त्याशी थेट न बोलणारा प्रोग्राम. छपाईची रांग सांभाळणे, एखाद्या फोल्डरवर नजर ठेवणे अशी त्याची कामे असतात. बहुतेक वेळ तो नुसता वाट पाहतो आणि त्या काळात त्याने प्रोसेसर जवळजवळ वापरूच नये. असा छोटा प्रोग्राम ‘सीपीयू खाऊ’ लागला, तर पुष्कळदा त्याचे काम वाढलेले नसते. त्याचे थांबणे बिघडलेले असते.

लिनक्सवर पहिली नजर सहसा ‘टॉप’कडे, म्हणजे कोण किती प्रोसेसर वापरतो हे दाखवणाऱ्या आज्ञेकडे जाते. तिथे १०० टक्के म्हणजे प्रोसेसरचा एक पूर्ण कोअर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग), त्यामुळे चार कोअरच्या यंत्रावर आकडा ४०० पर्यंत चढू शकतो. दोषी प्रोसेस (चालू प्रोग्राम) कळली की तिला ‘एसट्रेस’ हे साधन जोडावे. मग तिने कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, केलेले सिस्टिम कॉल (कामाच्या विनंत्या) ओळीने दिसू लागतात. (एसट्रेसमुळे प्रोग्राम बराच मंदावतो, तेव्हा चालत्या सर्व्हरवर ते क्षणभरच लावलेले बरे.) निरोगी डीमन ‘पोल’ किंवा ‘ईपोल’च्या, म्हणजे काही घडेपर्यंत थांबवणाऱ्या कॉलच्या, अर्धवट ओळीवर अडून राहतो. बिघडलेल्यात पोल, रीड (आलेली माहिती वाचणे), पोल, रीड अशी ओळींची झड लागते. त्यात रीडचे उत्तर दर वेळी शून्य येत असेल, तर चोर सापडला: पलीकडच्याने कनेक्शन बंद केले आहे, पण प्रोग्रामने आपले सॉकेट (कनेक्शनचे आपल्याकडचे टोक) बंद केलेले नाही. असे सॉकेट पोलच्या लेखी कायम ‘वाचायला तयार’ असते, म्हणून पोल थांबतच नाही. शून्य आले की सॉकेट बंद करून पोलच्या यादीतून काढणे, एवढाच उपाय.

एसट्रेस गप्पच राहिले, तर प्रोग्राम कर्नलला काही न विचारता स्वतःच्याच लूपमध्ये (त्याच त्या सूचनांच्या फेऱ्यात) फिरत असण्याची शक्यता मोठी. मग ‘जीडीबी’ या दोष शोधण्याच्या साधनाने थोड्या थोड्या अंतराने चार-पाच वेळा स्टॅक (त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची उतरंड) पाहावा, पुन्हा पुन्हा दिसणारे फंक्शन संशयित.

लूपमध्ये स्लीप (ठरावीक वेळ थांबण्याची सूचना) घालून आकडा खाली आणणे हा उपाय फार प्रचलित आहे आणि तो चुकीचा आहे. दोष तसाच राहतो, वर प्रतिसादही उशिरा मिळतो. फाइलींवर नजर ठेवण्यासाठी लिनक्समध्ये २००५ पासून ‘आयनोटिफाय’ ही बदल झाला की स्वतःहून कळवणारी सोय आहे. दर सेकंदाला फोल्डर चाळण्याची गरज उरलेली नाही.

क्वचित प्रोग्राम निर्दोषही असतो. ३० जून २०१२ रोजी घड्याळांत लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखणारा जादा सेकंद) घातला गेला, तेव्हा लिनक्स कर्नलमधील दोषामुळे एक सेकंदाहून छोट्या प्रतीक्षा लगेच संपू लागल्या आणि जावाचे कित्येक प्रोग्राम एकाएकी कोअर व्यापून बसले. तारीख नव्याने सेट करताच ते शांत झाले.

दुरुस्तीनंतर ‘पीएस’ या प्रोसेसची यादी देणाऱ्या आज्ञेतील एकूण प्रोसेसर-वेळेचा रकाना दिवसभराने पुन्हा पाहावा. रिकाम्या डीमनचा हा आकडा जेमतेम काही सेकंदांनी सरकतो.