थेरपी घराच्या दारात : पार्श्वभूमी

किशोरवयीन मुलाच्या चिंतेवर घरी येऊन, सगळ्या कुटुंबाला सोबत घेऊन उपचार करण्याची पद्धत दोन वाटांनी आली. पहिली वाट १९५० च्या दशकात अमेरिकेत रुजलेल्या कौटुंबिक थेरपीची. दुसरी तिथल्याच वॉशिंग्टन राज्यात १९७४ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाची. मुलाला घरातून हलवावं लागू नये म्हणून थेरपिस्ट काही आठवडे कुटुंबाच्या घरी जायचे. तो प्रयोग मोडकळीला आलेल्या घरांसाठी होता, चिंतेसाठी नव्हे.

चिंतेचा उपचार बराच काळ दवाखान्यातच राहिला. १९९४ मध्ये ४७ मुलांवरच्या चाचणीत विचार आणि वर्तनावर काम करणारी थेरपी उपयोगी ठरली, पण तिच्यात पालक कडेला होते. १९९६ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत पालकांना सामील करून घेतलं, तेव्हा जास्तीचा फायदा ७ ते १० वर्षांच्या मुलांना झाला. ११ ते १४ च्या गटात तो दिसला नाही. यावरून ‘मोठ्या मुलांच्या उपचारात घराचं काम नाही’ असा अर्थ काढणं मला घाईचं वाटतं.

खरा गुंता एका शब्दाचा आहे. १९९५ मध्ये ओसीडीच्या (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या) अभ्यासात ‘अकोमोडेशन’, म्हणजे रुग्णाचा त्रास टळावा म्हणून घरच्यांनी आपलं वागणं बदलणं, मोजलं गेलं, २०१३ मध्ये ते मुलांच्या चिंतेसाठीही मोजू लागले. मराठीत त्याला ‘सांभाळून घेणं’ म्हणावं लागतं, आणि आपल्याकडे तो गुण आहे! मुलीला फोनवर बोलायची धास्ती, म्हणून आई तिच्या वतीने बोलते. त्या क्षणी मुलगी सुटते आणि पुढच्या फोनची भीती वाढते. माया आणि अडथळा एकाच कृतीत असतात. हे नीट न सांगितल्यास आईला तो आरोप वाटतो, आणि तसं वाटायला इतिहासही आहे: १९४८ मध्ये स्किझोफ्रेनियाचं खापर आईवर फोडणारी संज्ञा निघाली होती. ती चूक पुन्हा होता कामा नये. सांभाळून घेण्याने चिंता टिकते; ती त्यामुळेच सुरू झाली, असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ ते १४ वयाची १२४ मुलं होती. एका गटात थेरपिस्ट फक्त पालकांना भेटले, तरी परिणाम मुलांना थेट दिलेल्या थेरपीपेक्षा कमी पडला नाही. त्याच वर्षी महासाथीमुळे सत्रं व्हिडिओवर गेली आणि थेरपिस्टला घर पडद्यावर दिसू लागलं. शाळेच्या वेळी बंद राहणारं खोलीचं दार आणि त्याबाहेर उभे असलेले आईवडील मात्र घरी गेल्यावरच दिसतात.