जुनाट मानदुखीवरील भौतिकोपचार

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या मानदुखीवर व्यायाम, हस्तोपचार, शेक आणि कामाच्या पद्धतीतील बदल यांच्या साहाय्याने केलेले उपचार. एक्स-रेमध्ये दिसणारी मणक्यांची झीज चाळिशीनंतर न दुखणाऱ्या मानेतही आढळते. त्यामुळे ‘मणक्यात गॅप आहे’ एवढ्यावरच उपचार ठरवणे योग्य नव्हे. मात्र हाताची पकड सुटणे, बटण लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा जाणे किंवा ताप व वजनातील घट ही लक्षणे असल्यास व्यायामाआधी डॉक्टरांची तपासणी अत्यावश्यक ठरते.

उपचारांचा गाभा व्यायाम हाच आहे. जुनाट दुखण्यात मानेच्या पुढील भागातील, मणक्यांलगतचे खोल स्नायू दुर्बल होतात आणि त्यांचा भार वरवरचे स्नायू उचलू लागतात. म्हणून रुग्णाला पाठीवर झोपवून, डोके न उचलता, ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी हळूच आत घ्यायला सांगतात. ही स्थिती १० सेकंद धरून १० वेळांपर्यंत करायची असते. गळ्याच्या बाजूला बोटे ठेवून तेथील स्नायू ताठरत नाही ना, हे रुग्णाने स्वतःच तपासावे, कारण तो ताठरला की व्यायाम चुकला. पुढे रबरी पट्ट्याने खांद्यांच्या व पाठीच्या स्नायूंचे बळ वाढवतात. फरक जाणवण्यास साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, आणि बरेच रुग्ण त्याआधीच व्यायाम सोडतात, ही खेदाची गोष्ट आहे.

सांधे हाताने हलक्या दाबाने मोकळे करण्याच्या हस्तोपचाराचा लाभ व्यायामाच्या जोडीने अधिक होतो. केशकर्तनालयात झटका देऊन मान ‘मोडून’ घेणे हा हस्तोपचार नव्हे. त्यात मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन क्वचित पक्षाघातही होऊ शकतो. शेक, विद्युत उपकरणे व मान ताणण्यासाठी वजन लावणे यांनी तात्पुरता आराम पडतो. गळपट्टा (मानेला आधार देणारी कॉलर) दीर्घकाळ वापरल्यास स्नायू आणखी दुबळे होतात.

नाशिक जिल्ह्यात या दुखण्याला कामाची विशेष बाजू आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मान तासन्‌तास खाली झुकलेली असते, तर दिंडोरी-निफाड भागातील द्राक्षबागांत मांडवाखाली घडांची विरळणी करणाऱ्यांची मान सतत वर असते. मान मागे झुकली की मणक्यांमधून मज्जातंतू बाहेर पडण्याच्या वाटा अरुंद होतात. अशा मजुरांनी घड थेट डोक्यावर न घेता किंचित पुढे ठेवून उभे राहावे आणि थोड्या थोड्या वेळाने मान खाली आणून खांदे फिरवावेत. त्यासाठी बागायतदाराने कामात सवड ठेवली पाहिजे.