ह्युंदाई सोनाटा

दक्षिण कोरियातील ह्युंदाई मोटर कंपनीची मध्यम आकाराची, चार दारांची कौटुंबिक मोटारगाडी. १९८५ पासून तिच्या आठ पिढ्या झाल्या. गाडी म्हणून तिच्यात जगावेगळे असे फारसे काही नाही, पण कोरियन मोटारउद्योगाचा इतिहास तिला वगळून सांगता येत नाही. उसनवारीवर उभी राहिलेली कंपनी ते उसने कसे फेडत गेली, हे सोनाटाच्या एकेका पिढीत दिसते. पहिल्या सोनाटाचा सांगाडा मुळात फोर्डचा, इंजिन मित्सुबिशीच्या तंत्राचे आणि रेखाटन इटलीतले होते. एकोणीस वर्षांनी आलेल्या पाचव्या पिढीच्या सोनाटासाठी ह्युंदाईने जे इंजिन तयार केले, त्याचा आराखडा खुद्द मित्सुबिशीने परवाना घेऊन वापरला.

संस्थापक आणि उल्सानचा कारखाना

ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग (१९१५–२००१) यांचा जन्म आज उत्तर कोरियात असलेल्या टोंगचॉन भागातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांनी गाय विकून आणलेले ७० वॉन उचलून ते घरातून पळाले, ही कथा कोरियात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सेऊलमध्ये त्यांनी आधी तांदळाच्या दुकानात नोकरी केली, पुढे ते दुकानच चालवले. १९४० मध्ये त्यांनी मोटारदुरुस्तीचे गॅरेज घेतले आणि १९४७ मध्ये बांधकाम कंपनी काढली. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याची कंत्राटे मिळाली आणि धंदा वाढला. सेऊल ते बुसान हा ४२८ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग १९७० मध्ये पुरा झाला. त्याच्या बांधकामात ह्युंदाईचा वाटा मोठा होता. रस्ते बांधणाऱ्यानेच त्यावर धावणाऱ्या गाड्याही बनवायला घ्याव्यात, हे चुंग यांच्या स्वभावाला धरूनच झाले.

मोटार कंपनी २९ डिसेंबर १९६७ रोजी स्थापन झाली. तिचा कारभार धाकटे बंधू चुंग से-युंग यांच्याकडे गेला. आग्नेय किनाऱ्यावरच्या उल्सान येथे कारखाना उभारून १९६८ मध्ये फोर्ड कोर्टिना या ब्रिटिश गाडीची जुळणी सुरू झाली. सुटे भाग बाहेरून यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. कोर्टिनाला कोरियातले कच्चे रस्ते झेपले नाहीत आणि गिऱ्हाईक वैतागले. फोर्डबरोबर भागीदारीत इंजिनांचा कारखाना काढण्याची बोलणीही फिसकटली. अध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारने याच सुमारास मोटार कंपन्यांना बजावले की जुळणी पुरे झाली, आता स्वतःचे मॉडेल काढा.

पोनी

मग ह्युंदाईने मिळेल तिथून माणसे आणि तंत्र गोळा केले. ब्रिटिश लेलँडमधून बाहेर पडलेले जॉर्ज टर्नबुल उल्सानला आले आणि सोबत काही ब्रिटिश अभियंतेही घेऊन आले. रेखाटन जॉर्जेत्तो जुजारो या इटालियन आरेखकाकडे सोपवले. इंजिन आणि गिअरबॉक्स मित्सुबिशीकडून घेतले. १९७४ च्या तुरिन प्रदर्शनात पोनी लोकांसमोर आली आणि १९७५ च्या अखेरीस उल्सानमधून बाहेर पडू लागली. तिला कोरियाची पहिली स्वदेशी मोटार म्हणतात. आराखडा आणि तंत्र परके असले तरी सुट्या भागांपैकी बहुतेक कोरियात बनत होते, त्यामुळे हा दावा पोकळ ठरत नाही. १९७६ मध्ये मोजक्या पोनी इक्वाडोरला पाठवून निर्यातीचा श्रीगणेशा झाला. चुंग से-युंग यांना लोक पुढे ‘पोनी चुंग’ म्हणू लागले.

१९८० मध्ये सत्तेवर आलेल्या चुन डू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीने कोणी काय बनवायचे हे ठरवून दिले. मोटारगाड्या ह्युंदाई आणि सेहान (पुढची देवू) यांच्याकडे राहिल्या, तर किया या दुसऱ्या कोरियन मोटार कंपनीला व्यापारी वाहनांपुरते बांधून टाकले. ते बंधन १९८७ पर्यंत राहिले. कोरियन कंपन्यांची भरभराट केवळ कष्टांमुळे झाली असे सांगण्याची पद्धत आहे. असली सरकारी मेहेरनजर त्या कथनात सहसा गाळली जाते.

पहिली सोनाटा आणि दुसरी

१९८३ मध्ये ह्युंदाईने स्टेलर ही मोठी गाडी काढली. तिच्या तळाशी जुनी कोर्टिनाच होती. वरचे अंग पुन्हा जुजारो यांनी रेखाटलेले. स्टेलरला मोठे इंजिन आणि श्रीमंती सामान चढवून नोव्हेंबर १९८५ मध्ये सोनाटा या नावाने बाजारात आणले. नाव नवे असले तरी अंग स्टेलरचेच आहे हे गिऱ्हाइकाच्या लगेच ध्यानात आले. गाडी पडली आणि दोन वर्षांत बंद झाली.

खरी सोनाटा १९८८ ची. सेऊल ऑलिंपिकच्या काही महिने आधी आलेली ही गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, ऐसपैस आणि मुळापासून अमेरिकेची बाजारपेठ नजरेसमोर ठेवून आखलेली होती. तंत्र अजूनही मित्सुबिशीचे होते. निर्यातीचे गणित मात्र आधीच बिघडले होते. १९८६ मध्ये ४,९९५ डॉलरला एक्सेल ही छोटी गाडी घेऊन ह्युंदाई अमेरिकेत उतरली आणि पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या खपल्या. नंतर त्या गंजू लागल्या, बंद पडू लागल्या आणि कंपनीचे नाव दूरचित्रवाणीवरच्या विनोदांचा विषय झाले. त्या बदनामीचा फटका सोनाटाला बसला. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या ब्रोमाँ येथे वर्षाला एक लाख गाड्यांच्या क्षमतेचा कारखाना १९८९ मध्ये सोनाटासाठी सुरू झाला आणि १९९३ मध्ये त्याला टाळे लागले. पुढची आठ-नऊ वर्षे ह्युंदाईने उत्तर अमेरिकेत कारखान्याचे नाव काढले नाही.

मायदेशात चित्र उलटे होते. १९८७ मध्ये लोकशाहीचे आंदोलन आणि पाठोपाठ कामगारांचे मोठे संप झाले. उल्सानमध्ये ह्युंदाईच्या कामगारांनी संघटना बांधल्या, पगार वाढले आणि मोटारगाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्या लोकांनी सोनाटा घेतली. कचेरीत बढती मिळालेला चाळिशीचा गृहस्थ, मागे दोन मुले, सुट्टीत गावाकडची वाट, अशी तिची ओळख झाली. टॅक्सीवाल्यांनीही तीच धरली. एलपीजीवर चालणारी सोनाटा सेऊलच्या टॅक्सीतळांवर रांगेने उभी दिसायची.

१९९० च्या दशकातला एक किस्सा तिच्या लोकप्रियतेबद्दल विक्रीच्या आकड्यांहून जास्त सांगतो. सोनाटाच्या पाठीमागच्या इंग्रजी नावातले पहिले अक्षर ‘एस’ जवळ ठेवले की सेऊल नॅशनल युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळतो, अशी समजूत विद्यार्थ्यांत पसरली. रात्रीतून गाड्यांवरचे ते एक अक्षर उचकटले जाऊ लागले. सोनाटा-३ आली तेव्हा तिच्यावरच्या रोमन तीनच्या रेघाही सुटल्या नाहीत, कारण प्रवेश परीक्षेत तीनशेच्या वर गुण मिळवून देणारा तो ताईत ठरला. परीक्षेचा धसका घेतलेला देश आणि दारोदार उभी असलेली एकच गाडी, असा योग जुळल्याशिवाय ही चोरी रुजली नसती.

संकट, किया आणि घरातली भांडणे

१९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात किया बुडाली. १९९८ मध्ये ती ह्युंदाईने घेतली. पुढे सोनाटा आणि कियाची ऑप्टिमा या एकाच तळावरच्या गाड्या झाल्या. त्याच वर्षी उल्सानमध्ये कामगारकपातीविरुद्ध मोठा संप झाला. चौथ्या पिढीची सोनाटाही १९९८ चीच. तिच्यात ह्युंदाईने स्वतः विकसित केलेले सहा सिलिंडरचे व्ही-६ इंजिन मिळू लागले, चार सिलिंडरचे मात्र अजून मित्सुबिशीच्या परवान्यावरचे होते.

जून १९९८ मध्ये वृद्ध चुंग जू-युंग ५०० गाई-गुरे ट्रकांत भरून सीमेवरच्या पानमुन्जॉममार्गे उत्तर कोरियात गेले. ऑक्टोबरमध्ये आणखी ५०१ पाठवली. लहानपणी चोरलेल्या एका गाईच्या पैशाची हजार पटीने परतफेड असा त्याचा अर्थ त्यांनी स्वतःच लावला. पुढे २००० मध्ये त्यांच्या मुलांत वारसाहक्कावरून उघड भांडण जुंपले. कोरियन वृत्तपत्रांनी त्याला राजघराण्यातल्या बंडाची उपमा दिली. चुंग से-युंग यांना त्याआधीच, १९९९ मध्ये, मोटार कंपनी सोडावी लागली होती. तीन दशके उभारलेली कंपनी पुतण्याच्या हाती गेली. तो पुतण्या म्हणजे चुंग मोंग-कू.

मोंग-कू यांनी गुणवत्तेचा ध्यास घेतला. इंजिन आणि गिअरबॉक्सवर दहा वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी अमेरिकेत जाहीर झाली, तेव्हा हा जुगार कंपनीला बुडवील असे अनेकांना वाटले होते. पण हमी दिली की बिघाडाचा खर्च कंपनीच्याच अंगावर येतो, त्यामुळे कारखान्याला सुधारण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. जे. डी. पॉवर या अमेरिकी संस्थेच्या २००४ च्या गुणवत्ता पाहणीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीला आली. मोंग-कू यांची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. कंपनीच्या पैशाच्या अपहारप्रकरणी २००७ मध्ये ते दोषी ठरले, शिक्षा स्थगित झाली आणि २००८ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली.

थीटा इंजिन

पाचव्या पिढीची सोनाटा २००४ मध्ये आली. तिच्यासाठी ह्युंदाईने ॲल्युमिनियमचे थीटा हे चार सिलिंडरचे इंजिन विकसित केले. त्याच्या आराखड्यावर मित्सुबिशी आणि डेमलर-क्रायस्लर यांच्याबरोबर संयुक्त उपक्रम उभा राहिला आणि या दोघांनी त्याबद्दल ह्युंदाईला रॉयल्टी मोजली. मित्सुबिशीला रॉयल्टी भरत मोठ्या झालेल्या कंपनीसाठी ही गोष्ट केवढी होती हे वेगळे सांगायला नको. मे २००५ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात माँटगोमेरी येथे नवा कारखाना सुरू झाला आणि तिथूनही पहिली बाहेर पडली ती सोनाटाच. त्याआधी डिसेंबर २००२ मध्ये बीजिंगमधल्या कारखान्याची सुरुवातही तिनेच केली होती.

२००९ च्या सहाव्या पिढीने रूप पालटले. कंपनीने ‘फ्लुइडिक स्कल्प्चर’ म्हणून गाजवलेली ती वाहत्या रेषांची शैली आवडो न आवडो, गर्दीत गाडी ओळखू येऊ लागली. अमेरिकेत तिचे व्ही-६ इंजिन काढून टाकून फक्त चार सिलिंडरची, हवे असल्यास टर्बो असलेली इंजिने ठेवली. मंदीच्या काळात, म्हणजे २००९ मध्ये, नोकरी गेली तर गाडी परत करा अशी योजनाही ह्युंदाईने अमेरिकेत चालवली. विक्री वाढली.

आणि याच गाडीने कंपनीला खाली पाहायला लावले. थीटा-२ इंजिनांच्या अलाबामातल्या उत्पादनात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, यंत्रावर घडवताना निघालेला धातूचा कीस नीट साफ झाला नाही. तो तेलाच्या वाटांत अडकायचा, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना तेल पुरेसे पोचायचे नाही, आधी खटखट ऐकू यायची आणि मग भर रस्त्यात इंजिन जाम व्हायचे. काही गाड्यांना आगीही लागल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये २०११ आणि २०१२ सालच्या सुमारे ४,७०,००० सोनाटा परत बोलावल्या गेल्या; पुढे ही यादी वाढतच गेली. गाड्या उशिरा परत बोलावल्या म्हणून २०२० मध्ये ह्युंदाई आणि किया यांना मिळून अमेरिकी नियामकाशी २१ कोटी डॉलरची दंड-तडजोड करावी लागली. स्वतःचे इंजिन बनवण्यापर्यंत कंपनी पोचली होती, पण कीस साफ करण्यासारख्या कामात कसूर झाली. मोटारउद्योगात असल्या बारीक कामालाच फार मोल असते.

भारतात

ह्युंदाई मोटर इंडिया १९९६ मध्ये स्थापन झाली. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर परिसरातल्या कारखान्यातून सप्टेंबर १९९८ मध्ये सँट्रो आली आणि कंपनीने इथे पाय रोवले. सोनाटा २००१ मध्ये दाखल झाली. नंतर ती एम्बेरा, ट्रान्सफॉर्म आणि २०१२ मध्ये फ्लुइडिक अशा नावांनी विकली गेली. पण कधी जोरात चालली नाही. एवढे पैसे मोजणारा भारतीय गिऱ्हाईक होंडा किंवा टोयोटाचा बिल्ला मागत होता. सँट्रोवाल्या कंपनीची महागडी गाडी त्याच्या पचनी पडली नाही. महाराष्ट्रात तर आजही सोनाटा म्हटले की बहुतेकांना टायटनचे स्वस्त मनगटी घड्याळच आठवते. सोनाटाचे ते वळणदार रूप आपल्याकडे घरोघरी पोचले ते २०११ च्या व्हर्नामुळे. तिला लोक सरसकट ‘फ्लुइडिक व्हर्ना’ म्हणत.

पुण्याजवळचे तळेगाव या इतिहासात अलीकडे आले. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थंडावला. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी झालेला विक्रीचा करार सरकारी मंजुरीअभावी २०२२ मध्ये बारगळला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. गंमत म्हणजे तिथून पूर्वी निघणाऱ्या शेव्हरोले स्पार्क आणि बीट या गाड्यांचे मूळही कोरियातल्या देवूकडे जाते. ह्युंदाईने २०२५ मध्ये तिथे उत्पादन सुरू केले ते व्हेन्यू या छोट्या एसयूव्हीने. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय उपकंपनीची सुमारे २७,८७० कोटी रुपयांची समभागविक्री झाली. तोवरची ती देशातली सर्वांत मोठी होती.

सध्याची स्थिती

सातवी पिढी २०१४ ची, त्यातल्या त्यात सौम्य आणि विसरण्याजोगी. आठवी २०१९ मध्ये आली. तिच्या हायब्रिड आवृत्तीच्या छतावर सौर पट्ट्या बसवता येत होत्या. २०२३ मध्ये तिचा चेहरा पुन्हा बदलला. २०२० पासून समूहाची धुरा मोंग-कू यांचे पुत्र युइसन चुंग यांच्याकडे आहे आणि २०२२ मध्ये विक्रीत हा समूह टोयोटा आणि फोक्सवॅगन यांच्यानंतर जगात तिसरा होता. या वाढीत सोनाटाचा वाटा घटत गेला. कोरियात २०१७ पासून काही वर्षे सर्वाधिक खपलेली गाडी ह्युंदाईचीच, पण एक पायरी वरची ग्रँडियर होती. ज्याच्या वडिलांनी सोनाटा घेतली, तो आता ग्रँडियर किंवा एसयूव्ही घेतो. टॅक्सीसाठी कोरियात बनणारी जुनी सोनाटा २०२३ मध्ये बंद झाली. चालकांच्या तक्रारी आल्यावर २०२४ मध्ये कंपनीने टॅक्सीची नवी सोनाटा पुन्हा आणली. ती बीजिंगच्या कारखान्यात बनते आणि कोरियात आयात होते.