पूल झाले, कोंडी पुढे सरकली

गोव्यातली वाहतूक कोंडी समजून घ्यायची तर आधी नद्या पाहाव्या लागतात. पणजी-रायबंदरचा पाणथळीतला बांध १६३३-३४ चा, म्हणजे पालख्या-गाड्यांच्या काळातला. आज त्यावरून बसगाड्या धावतात. मुक्तीनंतर मांडवीवर पूल झाला आणि फेरीबोटीच्या रांगा सुटल्या. पण ५ जुलै १९८६ रोजी तोच पूल कोसळला. बेतीच्या धक्क्यावर पुन्हा गर्दी झाली, ती १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत. तिकडे जुवारी नदीवरचा १९८३ चा पूल लवकरच थकला. जड वाहनांना बंदी आली आणि कुठ्ठाळीची रांग इतकी बदनाम झाली, की दाबोळीचे विमान गाठायला लोक दोन तास आधी घर सोडू लागले.

या रांगांनी डोके उठवले, पण जीव कमी घेतले, असे माझे मत. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्यांत बंपर घासतात, आरसे तुटतात, हुज्जत होते. माणूस दगावतो तो बहुधा रांग सुटल्यावर. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मांडवीपलीकडच्या पर्वरीत अर्धा तास अडकलेला माणूस पुढे गिरीच्या मोकळ्या रस्त्यावर बुडालेला वेळ वसूल करायला बघतो. दुसरा धोका रांगेच्या शेपटाला. वळणापलीकडे गाड्या थांबल्यात हे मागून वेगात येणाऱ्याला दिसत नाही.

यात सर्वांत उघडा दुचाकीवाला. डाव्या बाजूने, डांबराच्या कडेवरून मातीत उतरत तो पुढे घुसतो, आणि तेवढ्यात थांबलेल्या बसचे दार उघडते. पिवळ्या मडगार्डच्या पायलटांनाही, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांनाही, हा रस्ता पाठ आहे.

जानेवारी २०१९ मध्ये मांडवीवर अटल सेतू झाला, पण त्यावर दुचाकींना मनाई, म्हणून स्कूटरवाले खालच्या जुन्या पुलांवरच राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या जुवारी पुलाची एक बाजू उघडली, वर्षभराने दुसरी. कुठ्ठाळीची रांग ओसरली. त्याच सुमारास मोपा विमानतळ सुरू झाला आणि उत्तरेकडची वर्दळ वाढली. आता गाऱ्हाणी पर्वरीची: उड्डाणपुलाचे काम हाती घेतल्यापासून तिथे वळणरस्ते, धूळ आणि हॉर्न.