आकडा टाकायचा की आकडा दाबायचा?

जोहान्सबर्गच्या कडेला पत्र्याच्या झोपड्यांमधून चालताना पायाखाली बघावं लागतं. वाटेत मातीतून तारा गेलेल्या असतात. आपण ज्याला ‘आकडा टाकणं’ म्हणतो, ते करणाऱ्यांना तिथे ‘इझिन्योका’ म्हणतात. झुलू भाषेत त्याचा अर्थ साप.

दक्षिण आफ्रिकेत बऱ्याच पालिका एस्कॉम या सरकारी कंपनीकडून ठोकात वीज घेतात आणि घरोघरी विकतात. त्यांच्या उत्पन्नात विजेचा वाटा फार मोठा. (मुंबईकरांना हे नवीन नाही, बेस्टच्या बस वर्षानुवर्षं विजेच्या पैशावर धावल्या.)

मग आकडा टाकणाऱ्या झोपडीला अधिकृत मीटर आणि स्वस्त वीज दिली तर पालिका बुडेल का? जोडणीचा खर्च बराचसा केंद्राच्या अनुदानातून निघतो. २००३ पासून गरीब घराला महिन्याला ५० युनिट फुकट द्यायची, त्याचेही पैसे केंद्राकडून येतात. पण ते विजेवरच खर्च करायचं बंधन नसल्यामुळे कुठे मुरतात ते सांगणं कठीण. पुढची देखभाल मात्र पालिकेच्या गळ्यात.

मीटर न देणंही स्वस्त पडत नाही. मग लोक आकडे टाकतात आणि त्याच तारांवर भार वाढतो. तारेतला प्रवाह दुप्पट झाला की तारेत वाया जाणारी उष्णता चौपट होते. तिथे हिवाळा जुलैत, त्या थंडीत संध्याकाळी सगळ्या शेगड्या आणि हीटर एकदम लागतात, ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि पैसे भरणारा शेजारीही अंधारात बसतो.

माझ्या मते पालिकेच्या तिजोरीला खरं भोक वेगळीकडेच आहे. गरिबांच्या स्वस्त विजेचा भार बंगलेवाले उचलत होते. भारनियमनाला कंटाळून त्यांनी छपरावर सोलर बसवलं आणि त्यांची बिलं आटली. एस्कॉमचं पालिकांकडचं येणं २०२४ पर्यंत ७० अब्ज रँडच्या (रँड हे तिथलं चलन) पुढे गेलं होतं.

मीटर तिथे बहुधा प्रीपेड. दुकानात वीस रँड दिले की पावतीवर २० अंकी आकडा मिळतो, तो मीटरवर दाबायचा. प्रत्येक आकड्यात १९९३ पासूनची मिनिटं मोजलेली असतात आणि त्या मोजणीला जागा होती साधारण १ कोटी ६७ लाख मिनिटांची. २४ नोव्हेंबर २०२४ ला ती संपली. त्याआधी दोन खास आकडे दाबून मीटरमधली मोजणी नव्याने सुरू करून घ्यायची होती. नाही केलं तर मीटर पुढचा कुठलाच आकडा घेणार नव्हता. लाखो मीटर तसेच राहिले. त्यातल्या कित्येक घरांनी वर्षानुवर्षं वीज विकतच घेतली नव्हती. दिवे मात्र चालू होते.